खिंड चढणारी गाडी

सत्त्याऐंशी सालच्या होळीनंतर मी स्कूटरवरून पडलो आणि माझा उजवा खांदा निखळला. डॉक्टरांनी तो जागेवर बसवला आणि यापुढे दोन चाकांवर बसायचं नाही अशी ताकीद दिली. मी रत्नागिरीच्या एका हायस्कुलात गणित शिकवत होतो आणि राहत होतो तिथून पंधरा किलोमीटरवर, खाडीकाठच्या आमच्या गावात. शाळा सकाळी साडेसातला भरायची. एसटीची पहिली गाडी खिंडीच्या वरच्या फाट्यावर नऊला यायची, तीही आली तर. माझी बायको कमळा म्हणाली की फंडाचे पैसे म्हातारपणी औषधात घालण्यापेक्षा आत्ता एक जुनी चारचाकी घ्या. त्या एका वाक्याबद्दल मी तिचा जन्माचा ऋणी आहे, कारण माझ्या मनात होतं तेच, पण बोलायचा धीर होत नव्हता.

महिनाभरात मी मोटार चालवायला शिकलो आणि दोन गाड्या समोर आल्या. पहिली गनीची मारुती. गनी आमच्याच गावच्या मोहल्ल्यातला, माझा जुना विद्यार्थी, मस्कतला नोकरीला, तेव्हा सुट्टीवर आलेला. त्याने हौसेने घेतलेली ती पांढरी गाडी वर्षातले अकरा महिने ताडपत्रीखाली उभी असे. खाऱ्या वाऱ्याने पत्रा खाण्यापेक्षा ती गुरुजींनी वापरावी, असं त्याचं म्हणणं. दुसरी होती शहरातल्या एका डॉक्टरांची जुनी फियाट, बदामी रंगाची, जपून वापरलेली. गनीला मी किंमत विचारली तेव्हा तो म्हणाला, डॉक्टर जेवढे मागतील तेवढेच मला द्या, वर एक शब्द नको. तेव्हा प्रश्न एवढाच उरला, की रोजच्या जाण्यायेण्याला कोणती परवडेल.

पण माझ्या गाडीकडे आणखी एका घराचे डोळे लागले होते.

गावची शाळा सातवीपर्यंत. त्या वर्षी तुळसा सातवीत केंद्रात पहिली आली होती. संध्याकाळी माझ्या पडवीत वाडीतली आणि मोहल्ल्यातली पोरं पाट्या घेऊन बसत, त्यांत ती पाच वर्षं न चुकता आलेली. पुढे शिकायचं तर रत्नागिरी, आणि रत्नागिरीला वेळेवर पोचवील अशी गाडी नाही. मे महिनाअखेर तिचा मामा गावी येणार होता आणि परत जाताना तिला मुंबईला मावशीकडे नेणार होता. मावशीचं मूल लहान, ते सांभाळायला घरात एक पोर हवी होती. एकदा मुंबईला गेलेल्या पोरी शाळेत परतल्याचं मी पाहिलं नव्हतं.

म्हणून गाडीचं ठरताच मी तिच्या आईकडे, सोनूबाईकडे गेलो. तिचा नवरा बोटीवर कामाला, घरातलं सगळं तीच बघायची. मी सांगितलं, जूनपासून मी रोज गाडीने जाणार, तुळसाला नेईन आणि आणीन. सोनूबाई सुपातले तांदूळ निवडता निवडता ऐकत होती.

“गुरुजी, तुमच्यावर विश्वास नाय असा नाय,” ती म्हणाली. “पण येकटी नाय धाडायची मी. संगतीला पोरी असल्या तर जाऊंदे.”

मला ते पटलं. चार मुली नेऊ, असं मी तिला सांगितलं. पुढे एक, मागे तीन. घरी येताना मी मनातल्या मनात त्या मारुतीत बसवूनही टाकल्या होत्या.

तरी परीक्षा न घेता निकाल देणं माझ्या स्वभावात नाही. एप्रिलच्या शेवटच्या दिवसांत मी दोन्ही गाड्या तीन-तीन दिवस मागून घेतल्या. पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरायची, तीन दिवस शाळेत जायचं-यायचं, पुन्हा गळ्यापर्यंत भरायची आणि किती पेट्रोल बसलं ते लिहायचं. दोन्ही वेळा नव्वद किलोमीटर झाले. मारुतीला पाच लिटर लागलं, फियाटला आठ. हे आकडे मी तसेच नेऊन पडवीतल्या फळ्यावर लिहिले आणि पोरांना म्हटलं, सांगा, गुरुजींनी कोणती गाडी घ्यावी?

पोरांना असलं गणित फार आवडतं. पुस्तकातल्या हौदाचे नळ कुणी बघितलेले नसतात, पण गनीची मारुती सगळ्यांनी हात लावून बघितली होती. पाट्यांवर भराभर भागाकार झाले. मारुती लिटरला अठरा, फियाट सव्वाअकरा. धाकू नावाचा सहावीतला मुलगा तर दर महिन्याला किती लिटर वाचतील तेही काढून मोकळा झाला. गनी तेव्हा पायरीवर चहा पीत बसला होता. तो खूश होऊन म्हणाला की गुरुजी, आता निकाल लागला, कागद कधी करायचे तेवढं बोला.

तुळसाने पाटीवर काही लिहिलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा ती उभी राहिली.

“गुरुजी, मारुतीत किती पोरी बसतील?”

“चार.”

“आणि फियाटीत?”

मी तीन दिवस ती गाडी चालवली होती. फियाटची पुढची बैठक सलग बाकासारखी, आणि गिअरची दांडी जमिनीवर नाही, स्टिअरिंगला. माझ्या शेजारी दोन सडपातळ मुली सहज बसल्या असत्या, मागे चार. मी म्हटलं, सहा.

“मग मारुतीच स्वस्त,” धाकू मध्येच म्हणाला. त्याने माणशी हिशेबही करून ठेवला होता, आणि तो बरोबर होता. पाच माणसांची मारुती सात माणसांच्या फियाटपेक्षा दर डोई कमीच पेट्रोल खात होती.

तुळसाने त्याच्याकडे बघितलंही नाही. ती म्हणाली, “सातवी आम्ही सहा जणी पास झालोय. मी, राही, चिमा, मथुरा, हफीजा नि रहिमा. चौघी गेल्या तर दोघी कुठल्या ठेवायच्या, तेवढं सांगा.”

हफीजा गनीची पुतणी. गनीने कप खाली ठेवला. मी शिक्षक जे करतात तेच केलं. म्हटलं, तू तुझ्यापुरतं बघ, तुझी जागा पक्की आहे.

“नाय गुरुजी,” ती म्हणाली. “राहिलेल्या दोघींच्या आया रोज विहिरीवर आमच्या आयेला भेटणार. आये पहिला महिना ऐकून घेईल. दुसऱ्या महिन्यात मला घरी बसवील.”

एवढं बोलून ती खाली बसली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. रोज पाणी भरायला जाणाऱ्या मुलीला जे ठाऊक असतं ते तिने सांगितलं होतं, आणि वीस वर्षं या गावात राहून ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी फळ्यावर किलोमीटर लिहिले, लिटर लिहिले, माणसं लिहायची राहिली. पोरीने ती चूक दाखवली आणि चारचौघांत माझी लाजही राखली. तिने एकदाही गुरुजी चुकले म्हटलं नाही.

गनीला नाही कसं म्हणायचं याचा मला घोर लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोहल्ल्यात गेलो तेव्हा तो गाडीच्या काचा पुसत होता. मी शब्द जुळवत राहिलो. त्याने मला फार वेळ जुळवू दिले नाहीत. हफीजा रात्री जेवली नाही असं त्याने सांगितलं. उरलेल्या दोघींत आपण असणार, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं. मोहल्ला रस्त्याच्या टोकाला, गाडी वाडीतूनच भरून निघणार, असा तिचा हिशेब.

“मारुतीला मी दुसरं गिऱ्हाईक बघतो,” गनी म्हणाला. “पण गुरुजी, ती म्हातारी सात जणांना घेऊन खिंड चढेल का? तेवढी खात्री करा. नाहीतर सहाही घरी बसतील.”

खरा अडसर तोच होता. गावातून फाट्यावर जायला जांभ्या दगडातून कोरलेली खिंड आहे, अर्धा किलोमीटर उभी चढण, मध्ये एक वळण. मी एकटा असताना फियाट दुसऱ्या गिअरवर तिथून चढत असे. सात जणांना घेऊन ती कधी चढली नव्हती. डॉक्टरांनी भलेपणा दाखवला आणि आणखी एका रविवारी गाडी माझ्या हवाली केली.

त्या रविवारी खिंडीच्या पायथ्याशी जत्रा भरल्यासारखी माणसं जमली. सहा जणींच्या आया आल्या होत्या. सोनूबाई पदर खोचून एका कडेला उभी होती. तिचा भाऊ तीन आठवड्यांनी यायचा होता. मुली गाडीत बसल्या, पुढे रहिमा आणि चिमा, मागे चौघी, तुळसा खिडकीला. गनी मारुती घेऊन आमच्या मागे राहिला, लागलंच तर मदतीला.

निम्म्या चढापर्यंत सगळं ठीक होतं. वळणावर गाडीचा दम कमी होऊ लागला. आता पहिला गिअर टाकायला हवा हे मला कळत होतं, पण एकट्याने जाताना त्या चढावर पहिल्या गिअरची वेळच कधी आली नव्हती. घाईत दांडी ओढली ती तिसऱ्यात पडली. गाडीने एक गचका दिला आणि बंद झाली. मग ती मागे सरकू लागली. मी ब्रेकवर उभाच राहिलो म्हणा ना. चिमाने डोळे मिटून घेतले.

गनी धावत आला आणि त्याने मागच्या चाकाला दगड लावला. पायथ्याशी आयांचा गलका ऐकू येत होता. मी मुलींना म्हटलं, उतरा खाली, मी रिकामी गाडी वर नेतो, तुम्ही चालत या.

राहीने दाराला हात घातला. तुळसाने तो धरला.

“उतरायचा नाय,” ती म्हणाली. “उतरलो तर सहा जणींना घेऊन चढली असं कसं म्हणणार? चार जणींचीच गाडी झाली ना मग.”

गनी माझ्या खिडकीशी वाकला. तो हसत होता, पण आवाज अगदी हलका होता.

“गुरुजी, घाई करू नका. दगड मी लावलाय, गाडी कुठे जात नाही. आधी क्लच. आता दांडी आपल्याकडे आणि वर. बघा, बसला की नाही पहिला? आता हळू सोडा. चुकलं तर पुन्हा करू.”

शाळेत गनी गणितात कच्चा होता. पाढा अडला की तो रडकुंडीला यायचा, आणि त्याच्याशी याच आवाजात बोलावं लागे. आता तो आवाज माझ्या वाट्याला आला होता आणि मला त्याचा केवढा आधार वाटला ते सांगता येत नाही. मी क्लच हळू सोडला. गाडी थरथरली, थांबल्यासारखी झाली, आणि वर चढू लागली. माणूस चालतो त्यापेक्षा जास्त वेग नव्हता. गनी खिडकीला हात लावून शेजारून चालत होता आणि मध्येच रहिमाला म्हणत होता की गुरुजींना हसवू नकोस, परीक्षा चालू आहे. मागे त्याची मारुती रस्त्यात तशीच उघडी उभी होती.

फाट्यावर पोचलो तेव्हा सोनूबाई तिथे आधीच येऊन उभी होती. गाडी अडलेली पाहताच ती पाखाडीच्या पायऱ्यांनी सरळ वर आली होती. तिला धाप लागली होती. तिने गाडीत डोकावून एकेक मुलगी मोजली. सहा भरल्या.

“रोज चढंल?” तिने मला विचारलं.

खोटं बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं. गाडी चढेल, मी म्हटलं, चालवणाऱ्याला थोडं शिकावं लागेल.

“मग शिका,” ती म्हणाली. “जून उजाडायला येक महिना हाय.”

गनी मोठ्याने हसला. मुलीही हसल्या, आणि त्यांच्याबरोबर मीही. सोनूबाई मात्र हसली नाही. तिने माझ्याकडे कागद मागितला. माझ्या झोळीत एक आंतरदेशीय पत्र होतं, ते मी दिलं, आणि खिशातलं पेनही. तिने ते दोन्ही तुळसाच्या हातात ठेवलं, आणि मावशीला लिव, एवढंच म्हणाली.

तुळसाने पत्र फियाटच्या बॉनेटवर पसरलं. पत्रा इतका तापला होता की ती मध्येमध्ये मनगट उचलत होती. सोनूबाई सांगत गेली, सावकाश, एकेक शब्द तोलून. तब्येत बरी आहे. आंबा यंदा कमी. भाऊ आला की त्याच्याबरोबर कोकम आणि सांडगे धाडते. मग ती थांबली. तुळसा पेन धरून वाट बघत राहिली. बाकीच्या पाच जणी तिच्यामागे दाटीने उभ्या होत्या, आणि खिंडीतून त्यांच्या आया एकेक करून वर येत होत्या.

“आता लिव,” सोनूबाई म्हणाली, “तुळसा येणार नाय. ती शाळेत जात्ये. पोर सांभाळायला दुसरी कोणतरी बघ.”

तुळसाने ते लिहिलं, आणि आईने सांगायच्या आत पत्र बंद करून कडेला जीभ लावली.