अकरा सेकंदांची गल्ली

मी मिलवॉकीच्या वाचनालयाच्या तळघरातला प्रोजेक्टर बोलतोय. आवाज खरखरतोय, पण तो पहिल्यापासूनच तसा आहे. उगाच वयाला दोष देऊ नका.

माझा जन्म शिकागोच्या एका कारखान्यातला. लोखंडी अंग, पोटात दिवा आणि दोन लांब हात, त्यांवर फिल्मची रिळं. सुरुवातीची वर्षं शाळेत गेली. दात कसे घासावेत, रस्ता कसा ओलांडावा, हेच मी पोरांना दाखवायचो. पोरं झोपायची. त्यांचं काही चुकत नव्हतं.

मग फ्रेंच चित्रपट मंडळानं मला विकत घेतलं आणि माझं नशीब उघडलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी पंचवीस-तीस माणसं या तळघरात जमायची. बाहेर सरोवरावरून येणारा बोचरा वारा, आत कॉफी, घडीच्या खुर्च्या आणि पॅरिस. गळ्यात रेशमी रुमाल बांधून यायची मंडळी. निम्म्यांना फ्रेंच कळत नसे, पण तसं कबूल करणारा एकच होता, माझा कॅझ.

कॅझ ओर्लिकोव्स्की हा निवृत्त ट्रामचालक. मला चालवायचं काम त्याचं. "आपण गाडी वेळेवर सोडायची," तो म्हणायचा. "आत बसलेले काय बोलतात ते मी ट्राममध्येही कधी ऐकलं नाही." मला तेल घालताना तो पोलिश गाणी गुणगुणायचा. त्या रविवारांची मला अजून आठवण येते, आणि फार येते.

मंडळाचा जीव मात्र सोलांजबाई. फ्रान्सच्या ल आव्हर बंदरातल्या बेकरीवाल्याची ही मुलगी युद्ध संपल्यावर एका अमेरिकन शिपायाशी लग्न करून इकडे आली होती. चित्रपट संपला की प्रोफेसर थर्लो चर्चा करायचे आणि सोलांज कांद्याचं सूप वाढायची. लोक कशासाठी थांबतात, ते मला बरोबर दिसायचं.

त्रेसष्टच्या मार्चमध्ये न्यूयॉर्कहून एक जुनी फिल्म आली. एका खलाशाची प्रेमकथा होती, युद्धाआधी ल आव्हरमध्येच काढलेली. ती मिळवायला सोलांजनं दोन वर्षं पत्रं लिहिली होती. कशासाठी, ते तिनं फक्त कॅझला सांगितलं.

"शेवटी तो बोटीकडे निघतो ना, तो आमच्या गल्लीतून जातो. आमचं दुकान दिसतं. पपा दिसतात. अकरा सेकंद. माझ्याकडे त्यांचा एकसुद्धा फोटो नाही, कॅझ. घराबरोबर सगळं गेलं."

"मग मधलं रीळ चालू असताना तुमचं सूप उरकून घ्या," कॅझ म्हणाला. "तिसरं लावायच्या आधी मी दिवे लावतोच. तेव्हा या, मॅडम."

दुसऱ्या दिवशी सकाळी डबे पोस्टानं परत जायचे होते.

डब्यांवर एक, दोन, तीन असं लिहिलेलं होतं. पण आधीच्या कुठल्याशा मंडळानं दोन आणि तीनमधल्या रिळांची अदलाबदल केली होती. कॅझनं डब्यावर विश्वास ठेवला. मी तर काय, समोर येईल ते गिळणारा.

त्यामुळे दुसऱ्याच रिळात खलाशी गल्लीतून गेला, बोटीत चढला आणि पडद्यावर 'समाप्त' आलं. कॅझचा हात माझ्या बटणावर तसाच राहिला. सोलांज स्वयंपाकघरात कांदा परतत होती. आता ओरडा होणार म्हणून त्यानं मान खाली घालून दिवे लावले.

ओरडा झालाच नाही. प्रोफेसर थर्लो म्हणाले, "मध्यावर 'समाप्त'. काय हिंमत आहे दिग्दर्शकाची." माना डोलल्या. मागून एक बाई म्हणाल्या, "हे असं काहीतरी येणार, मला वाटलंच होतं."

कॅझनं मुकाट्यानं उरलेलं रीळ लावलं. सोलांज हात पुसत आली आणि पहिल्या रांगेत बसली. पडद्यावर खलाशी परत जमिनीवर होता, मुलीबरोबर नाचत होता. ती वाट बघत राहिली. रीळ संपलं, पडदा पांढरा झाला, आणि काळाचं चक्र वगैरे चर्चा सुरू झाली. ती माझ्यापाशी आली.

"कॅझ, माझी गल्ली कुठाय?"

"कापली असेल. जुन्या फिल्मा कापतात."

"हो," ती म्हणाली. "कापतात." आणि सूप वाढायला वळली.

आठ वर्षं मी त्या माणसाच्या हातात होतो. त्याची मला त्या दिवशी पहिल्यांदा लाज वाटली. तो रीळ हातात धरून उभा होता. मग एकदम मोठ्यानं बोलला.

"प्रोफेसर, ती दिग्दर्शकाची हिंमत नाही, माझा गाढवपणा आहे. रिळं मागेपुढे लागली. 'समाप्त' दिसलं तेव्हाच मला कळलं. तुम्ही खूश झालात म्हणून गप्प बसलो. आणि मॅडम, तुमच्याशी खोटं बोललो."

प्रोफेसर लालेलाल झाले. "तरीच," ते म्हणाले, "बोट गेल्यावर हा नाचायला कसा आला, ते मला कळेना." कुणीतरी हसलं. दिवे त्यांनी स्वतः उठून मालवले.

सोलांज कॅझकडे बघत होती. "मी तुझ्यावर विश्वास ठेवला होता."

"हो. बसा आता."

कॅझनं ते आधीचं रीळ पुन्हा माझ्यावर चढवलं. गल्ली आली. ओले दगड, पाव मांडलेली खिडकी. ॲप्रनला हात पुसत एक जाडा माणूस दारातून बाहेर आला, आमच्याकडे बघून ओशाळं हसला. खलाशी पुढून गेला. संपलं.

"परत," सोलांज म्हणाली.

कॅझनं माझी दांडी मागे ओढली. खलाशी पाठमोरा न होता मागे मागे गेला, जाडा माणूस पावलं मागे टाकत दुकानात शिरला. मग पुन्हा बाहेर आला. असं चारदा झालं. सूप निवत होतं, पण कुणी जागचं हललं नाही.

"वडील आता कुठे असतात?" कुणीतरी हळूच विचारलं.

"याच दारात गेले ते. बॉम्ब पडत होते, आम्ही तळघरात होतो. भट्टी बघून येतो म्हणून वर गेले, आणि बाहेर पाऊल टाकलं."

पाचव्यांदा तो माणूस बाहेर आला, हसला. कॅझनं विचारलं, "पुढे जाऊ दे?"

"नको. उलटं चालव, कॅझ. आत जाऊ दे त्यांना."

मी इतकं जपून कधीच चाललो नव्हतो. ते मागे मागे गेले, दाराच्या आत गेले, आणि कॅझनं माझा दिवा मालवला.

आता कॅझ नाही, सोलांजही नाही. मी जिन्याखाली चादर पांघरून आहे. माझा पट्टा कुजलाय, दिवाही गेलाय. तुमच्या खिशातल्या यंत्रांशी माझं भांडण नाही. पण तुमचंही कुणी असंच दारातून बाहेर गेलेलं असेल आणि त्याची फिल्म कुठे मिळाली, तर घेऊन या. पट्टा बदला, दिवा शोधा. मला उलटं चालता येतं.