चेंडूवरचे बोट

उत्तरेच्या समुद्रातल्या बेटावर आमच्या गावाचे फुटबॉलचे मैदान खाडीच्या तोंडाशी आहे आणि वाऱ्याला अडवील असे तिथे काही नाही. पेनल्टीच्या वेळी चेंडू ठिपक्यावर थांबत नाही, म्हणून संघातला एक जण पालथा पडून चेंडूच्या माथ्यावर बोट टेकवतो. मारणारा धावत येतो आणि चेंडू बोटाखालून निघून जातो. परदेशी पाहुण्यांना हे पाहून हसू येते. पालथ्या पडलेल्या माणसाला येत नाही.

हाइनीसाठी हे काम त्याचा मेव्हणा टोर्किल करी. हाइनी आमचा सेंटर फॉरवर्ड. शाळेत असतानाच तो मोठ्या संघात आला. विशीत डेन्मार्कच्या एका क्लबने त्याला नेले. एक हिवाळा राखीव खेळाडूंच्या बाकावर काढून तो परतला आणि त्याविषयी पुन्हा बोलला नाही. देशाच्या संघाकडून त्याने एकच गोल केला, तोही दारुण पराभवात. त्या गोलचा फोटो गावच्या दुकानात अजून लावलेला आहे. पोट मात्र समुद्रावर भरत असे. तो, टोर्किल आणि मी एकाच मासेमारी जहाजावर होतो. ते दोघे डेकवर शेकडो गळ लावलेल्या लांब दोरापाशी, मी खाली इंजिनापाशी.

एका हिवाळ्यात दोर ओढताना गळ उसळून हाइनीच्या डाव्या डोळ्याला लागला. जखम भरली. वरून डोळा धड दिसे, पण त्या डोळ्याने हाइनीला नुसता उजेड कळत होता. हे आम्हाला फार नंतर समजले. त्याने बायकोलाही, मारयुनलाही, सांगितले नव्हते. सांगितले असते तर समुद्रावर जाण्याचा दाखला गेला असता, आणि दुसरे काम त्याला येत नव्हते.

त्या उन्हाळ्यात त्याचे गोल आटले. डोक्याने चेंडू मारायला तो वेळेच्या आधीच उडी घेई.

"तुझ्यापेक्षा माझी मेंढी बरी," टोर्किल कपडे बदलताना म्हणाला. "ती निदान कुंपण बघून उडी मारते."

"मग तिलाच घे संघात. पण हरल्यावर तिला कापून वाऱ्यावर सुकायला टांगशील."

"तुला टांगून काय मिळणार? सगळी हाडंच."

शेवटच्या सामन्यात बरोबरी झाली असती तरी आम्ही पहिल्या श्रेणीत टिकलो असतो. एका गोलने मागे असताना, अगदी अखेरीस, पेनल्टी मिळाली. सगळ्यांनी हाइनीकडे पाहिले. नाही म्हटले असते तर गावाने कारण विचारले असते. त्याने चेंडू ठिपक्यावर ठेवला.

टोर्किल पालथा पडला. "लवकर मार रे, पोट गारठलं माझं."

हाइनी धावत आला. बूट टोर्किलच्या बोटांवर बसला. तो आवाज मैदानाच्या काठावर उभ्या असलेल्या आम्हालाही ऐकू आला. चेंडू घरंगळत गोलकीपरच्या हातात गेला.

"माझंच बोट हललं," टोर्किल दात आवळून सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला.

सामना संपल्यावर कपड्यांच्या खोलीत कोणी त्याच्या हाताला बर्फ बांधत होते. आमच्या जहाजाचा कॅप्टन एलियास दारात येऊन उभा राहिला. मी त्याच्या मागेच होतो.

"टोर्किल, इतकी वर्षं तुझं बोट हललं नाही. आजच कसं हललं?"

"वारा होता, कॅप्टन."

"इथे वारा कधी नसतो?"

एलियासने खिशातून लोकरीचा हातमोजा काढून त्याची गुंडाळी केली. "हाइनी, धर." लहान मुलाकडे टाकावा तसा त्याने तो अलगद टाकला. हाइनीचे हात आधीच मिटले. हातमोजा छातीवर आपटून खाली पडला.

"कुठला डोळा?"

"डावा."

"त्या गळापासून?"

हाइनीने मान हलवली.

"आणि तू दोरावर उभा राहत होतास. शेजारी माणसं होती, हाइनी. उद्या जहाजावर येऊ नकोस. दाखल्याचं मला कळवावं लागेल."

"मारयुनला काय सांगू?"

"ते आता मला विचारतोस?"

मग टोर्किल म्हणाला, "मला तरी सांगायचंस, गाढवा. काठीनं धरला असता चेंडू."

कोणी हसले नाही.

टोर्किलची मोडलेली दोन बोटे वाकडीच जुळली. गळ सोडवणे त्याला जमेना. त्यालाही जहाजावरून उतरावे लागले. दोघांच्या जागी परगावची माणसे आली. हाइनी सामन माशांच्या कारखान्यात पेट्या धुऊ लागला. मासे कापायच्या सुरीपाशी त्याला उभे करत नसत. हिवाळाभर मारयुन भावाच्या हाताकडे पाही आणि नवऱ्याशी कामापुरते बोले.

वसंतात दुसऱ्या श्रेणीचे सामने सुरू झाले. माणसे पुरत नव्हती म्हणून हाइनीला बचावात घेतले. वादळी वाऱ्याच्या एका दिवशी पेनल्टी मिळाली आणि टोर्किलने चेंडू उचलला. धरायला कोणी पुढे येईना. शेवटी हाइनी येऊन पालथा पडला आणि त्याने चेंडूवर बोट टेकवले.

"डोळे मिट," टोर्किल म्हणाला.

"एक मिटल्यातच जमा आहे."

"दुसराही मिट."

हाइनीने मिटला. टोर्किल मागे सरकत गेला, लागते त्याहून बराच मागे. काठावर मारयुनने खाडीकडे तोंड फिरवले.

टोर्किल धावत आला. चेंडू बोटाखालून गेला. गोल झाल्याचा ओरडा उठला, तरी हाइनी बोट ठिपक्यावर टेकवून तसाच पडून राहिला.

टोर्किलने वाकून त्याचा दंड धरला.

"ऊठ," तो म्हणाला. "गारठशील."