भोक पडलेला मांडा

सुलक्षणाला माणसांची नोंद ठेवायची खोड होती. जावेनं कुठल्या लग्नात किती टोमणे मारले, शेजारणीनं कितीदा वाटी परत न देता गोड हसून वेळ मारून नेली, सगळं तिला तारखेसह पाठ. फक्त पोटच्या पोराच्या पानावर ती लबाडी करायची. "आमचा तेजस कधी रडत नाही हो," असं ती जळगावात सोसायटीभर सांगत फिरे. रडेल कसा? दहा वर्षांचा झाला तरी त्याला कॅरममध्ये हरू द्यायचं नाही, हा घरचा नियम. शाळेसाठी लावलेलं त्याचं टोमॅटोचं रोप सुकलं, तर पोरगं उठायच्या आत कुंडीत दुसरं रोप उभं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती त्याला घेऊन माहेरी नशिराबादला आली. अंगणात चूल पेटली होती, चुलीवर मातीचं खापर पालथं घातलं होतं आणि पुढ्यात सुलक्षणाच्या चुलती कुंदाकाकू बसल्या होत्या. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत वाढवायची आणि अलगद खापरावर सोडायची. काकूंचे मांडे बघायला गल्ली जमायची.

"मला करायचाय," तेजस म्हणाला.

"अगं बाई, मुलगे मांडे करतात का?" सुलक्षणाची भावजय रत्नावहिनी हसली.

"खाताना बरं कोणी विचारत नाही," काकू म्हणाल्या. "ये रे भाऊ. कोपरापर्यंत हात धू. नव्या हाताचा पहिला मांडा आबांच्या ताटात जातो, हा माझ्या चुलीचा नियम. कसाही होवो, तोच जाणार."

शालिग्राम आबा, म्हणजे सुलक्षणाचे वडील, ओट्यावर आंब्यांचा रस काढत होते. मूळचे धुळ्याकडचे, चाळीस वर्षं नशिराबादला राहूनही बोली तिकडची अहिराणीच.

तेजसचा मांडा मनगटापर्यंत छान आला. मग घसरला. मूठ जाईल एवढं भोक पडलं, एक कड राखेत लोळली, उरलेला काळा झाला. तेजसचा खालचा ओठ थरथरला, तो सुलक्षणानं पाहिला. काकू तूप आणायला आत गेल्या, तेजस हात धुवायला नळावर गेला. तेवढ्यात तिनं काकूंचा एक गोल गरगरीत मांडा आबांच्या ताटात ठेवला आणि फाटका कुरडयांच्या डब्यामागे सारला.

"आबा, नातवाचा मांडा!" आतून पाण्याचे तांबे घेऊन आलेल्या वहिनीनं आरोळी ठोकली.

"वा रे पोऱ्या! काकूच्या तोडीचा शे!"

तेजस ताटाकडे बघत राहिला. "हा माझा नाही. माझ्याला भोक होतं." मग त्यानं आईकडे पाहिलं. "तू लपवलास ना? तुला माझी लाज वाटली?"

"अरे, असं कसं..."

"टोमॅटोचं रोपही तूच बदललंस. माझ्या रोपाला मी लाल दोरा बांधला होता. बाईंनी शाबासकी दिली, तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडलो."

सुलक्षणाची 'कधी रडत नाही' ही नोंद तिथंच खोटी ठरली. तिनं डब्यामागून फाटका मांडा काढला.

"चुकलं माझं," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "लाज नाही रे वाटली. तू रडशील, याची भीती वाटली."

"मग रडलो असतो थोडा वेळ," तेजस बाहीनं नाक पुसत म्हणाला. "नंतर दुसरा केला असता."

आबांनी गोल मांडा बाजूला सारला आणि फाटका ओढून घेतला. "हाऊ मना शे. या भोकमा रस चांगला बसस."

अंगणभर हशा पिकला. तेजसही हसला, रडता रडताच.

दुसरा मांडाही फाटला. सुलक्षणाचा हात आपसूक पुढे गेला.

"सुलू, हात मांडीखाली घे," काकूंनी दटावलं. मग तेजसला म्हणाल्या, "तू इथं ओढलंस, म्हणून फाटला. ओढू नको, झुलव. पुन्हा."

सुलक्षणा खरंच हातांवर बसली. मुंग्या आल्या तरी उठली नाही. तिसरा मांडा बैलाच्या जिभेसारखा लांबोडका झाला, पण अख्खा उतरला. तेजसनं तो स्वतः आणून तिच्या ताटात ठेवला.

"कडा कच्च्या राहिल्यात. चालेल?"

तिनं कडांसकट संपवला.

दोन दिवसांनी जळगावला परतल्यावर कॅरम मांडला. सुलक्षणानं राणी घेतली, कव्हरही केली. तेजस हरला. रडला, गॅलरीत जाऊन तोंड फुगवून बसला. तिनं त्याच्यामागे न जाता काकूंना फोन लावला.

"काकू, आज हरला."

"मग?"

"रडला." गॅलरीचं दार वाजलं. "आता आलाय. सोंगट्या लावतोय." "काकू, तुम्ही त्या दिवशी माझे हात अडवलेत. तुमचे उपकार कसे..."

"उपकार कसले गं? करपलेला मांडा तर आबांनी खाल्ला. आणि विचारायची हिंमत केली ती पोरानं. मला कसली शाबासकी देतेस?"

"आई, फोन ठेव ना," तेजस म्हणाला. "पहिला स्ट्रायकर माझा."