गुणाजी सभापतींचा पक्षप्रवेश

उपरणं गळ्याशी आलं तसं गुणाजींनी ते हातानेच अडवलं.

"थांबा आमदारसाहेब. आधी मला बोलू द्या."

रोह्याच्या त्या सभागृहात टाळ्या अर्ध्यावर थांबल्या. पहिल्या रांगेतला त्यांचा मुलगा प्रवीण चपापला. बाप आज सत्ताधारी पक्षात आला की सून नम्रताला जिल्हा परिषदेचं तिकीट, असं ठरलं होतं. धरमतर खाडीकाठच्या खारपट्टीतला लाल बावट्याचा पंचायत समितीवरचा शेवटचा सभापती फुटणार, म्हणून पेणहून पत्रकारही आले होते.

ब्याऐंशी वर्षांचे गुणाजी माईकपाशी गेले.

"ऐंशी साली पार्टीनं मला रशियाला धाडला. तिथं बेलारूसचा एक मंत्री भेटला. आपल्यासारखाच दलदलीतला. लढाईत त्याच दलदलीत लपून जर्मनांशी लढलेला. मंत्री असून गुडघाभर चिखलात उतरून मला कालवा दाखवलान."

"बाबा, पुरे," प्रवीण खालून म्हणाला.

"पुढं रशिया फुटला, तिथलं राज्य पालटलं. नवे म्हणाले, जुना पक्ष वाईट व्हता येवढं लिवून दे, खुर्ची ठेव. त्यानं दिलं नाय. गावी जाऊन बटाटे लावत बसला. आमच्या तिथल्या दुभाष्याचं पत्र आलं तवा कळलं मला." गुणाजींनी दम घेतला. "त्यांच्याकडं चुका झाल्या, आमच्याकडंबी झाल्या. मी गावापुढं कान धरीन. पण खाडीचा बांध फुटून भातात खारं पाणी शिरलं, तवा ज्यांनी ढुंकून पायलं नाय, त्यांचं उपरणं घेनार नाय."

माईक बंद झाला. गुणाजी हसले नि मोठ्याने म्हणाले, "मागं ऐकू येतंय का?"

"येतंय, बोला!" मिठागरातली विमलबाई मागून ओरडली.

त्यांनी उपरण्याची घडी घालून आमदारांच्या हातात दिली आणि ते खाली उतरले.

प्रवीण पुढाऱ्यांच्या गाडीत बसून गेला. नम्रता मात्र एसटी स्टँडवर त्यांच्या मागोमाग आली.

"तुझं नुकसान केलं गो मी," गुणाजी म्हणाले.

"केलंत. आधी सांगितलं असतंत, तर सकाळपासून या साडीत उकडले नसते." मग पदर खोचत तिने विचारलं, "तो मंत्री परत कधी निवडणुकीला उभा राहिला का?"

"दोनदा. दोन्ही येळा पडला."

पेणची गाडी भरून आली. एका पोराने उठून जागा दिली.

"बसा बाबा," नम्रता म्हणाली.

"तू बस. मी हाय तसा बरा हाय."

नम्रताही बसली नाही. नागोठणं येईपर्यंत दोघं दांडीला धरून उभीच होती, आणि ती दोघं उभी म्हणून दुसरंही कुणी बसेना, त्यांच्यामधली ती जागा रिकामीच राहिली.