गिळलेलं ‘नाही’

जावई काही घरजावई नव्हता. उलट सासरेच त्याच्याकडे राहायला आले होते. आयुष्यभर भाजीबाजारात लिलाव पुकारलेला माणूस. त्यांनी या टोकाला भाव पुकारला की त्या टोकाचा व्यापारी दचकून मान वर करायचा, असा आवाज. अर्धांगाच्या झटक्याने उजवा हात लुळा पडला आणि तो आवाजही गेला. सगळं समजायचं, पण तोंडातून शब्द फुटत नसे.

वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी त्यांना एक टॅबलेट वापरायला शिकवला होता. त्यावर चित्रं होती. डाव्या हाताने एकामागून एक चित्रं दाबली की वर वाक्य जुळायचं आणि टॅबलेट ते मोठ्याने बोलायचा. टॅबलेटमधला हा प्रोग्राम कुठल्या कंपनीचा नव्हता. ठिकठिकाणची हौशी माणसं आपापल्या घरी बसून तो लिहीत आणि सुधारत. त्याचं सगळं पोट इंटरनेटवर उघडं ठेवलेलं, कुणीही यावं, बघावं, हात लावावा.

हात लावणाऱ्यांत जावयाचंही नाव होतं, आणि बायकोला त्याचं कोण कौतुक! जावयाच्या ऑफिसात अशा मोकळ्या सॉफ्टवेअरला हातभार लावणाऱ्यांचा सत्कार व्हायचा. तो म्हणाला, मी आमच्या बाबांच्या प्रोग्रामसाठी करीन. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावले. प्रत्यक्षात त्याने केलं ते एवढंच, की मदतीच्या पानांवरचे स्वल्पविराम नीट केले, कुठे ऱ्हस्वाचं दीर्घ केलं. एका फटक्यात पाठवता आल्या असत्या त्या दुरुस्त्या तो एकेक करून पाठवायचा. तेवढाच नावापुढचा आकडा फुगायचा. सत्कार झाला. प्रशस्तिपत्र चौकटीत घालून बायकोने बैठकीच्या खोलीत लावलं, सासऱ्यांच्या खुर्चीच्या अगदी समोर.

या प्रकल्पाचा गाडा ओढत होत्या एक गणिताच्या शिक्षिका. शाळा सांभाळून उरलेला सगळा वेळ यातच घालायच्या. नावं नोंदवणारे पुष्कळ, पण अवघड काम निघालं की सगळे गुल. जावयाचा नेम बघून त्यांना आशा वाटली. त्यांनी प्रकल्पाच्या पानावर सर्वांसमक्ष लिहिलं, "तुम्ही नियमित येता, आता जरा मोठं काम घ्या. काही जुन्या टॅबलेटवर लांब, म्हणजे चार-पाच शब्दांच्या वाक्यातला शेवटचा शब्द बोललाच जात नाही. घ्याल?"

एवढ्या लोकांदेखत नाही कसं म्हणायचं? जावयाने लिहिलं, "आनंदाने घेतो." कामापुढे त्याचं नाव लागलं. त्याने एकदा कोड उघडला, शेंडा-बुडखा कळेना, म्हणून मिटून ठेवला. शिक्षिकेने विचारलं की "चालू आहे," असं लिहायचा. पुढे त्यांनी विचारणंही सोडलं आणि तो विसरून गेला.

एका सकाळी वाचा-उपचारवाल्या बाई नेहमीप्रमाणे आल्या तेव्हा जावई घरीच होता. सासरे भिंतीकडे तोंड करून बसले होते. टॅबलेट पुढे केला तर त्यांनी डाव्या हाताने तो ढकलून दिला.

"हल्ली रुसतात सारखे," बायको म्हणाली. "आम्ही तर त्यांच्या मनासारखं सगळं करतो. संध्याकाळी बाहेर बसायचं म्हणतात, तर रोज गॅलरीत नेतो. थंडी असली तर शाल लपेटून नेतो."

"असं?" बाई सासऱ्यांपुढे खाली बसल्या. "आजोबा, संध्याकाळी काय सांगता ते मला एकदा सांगा बरं."

ते भिंतीकडून वळले. मग त्यांनी टॅबलेट मांडीवर ओढला आणि एकेक चित्र दाबलं. टॅबलेट बोलला, "मला संध्याकाळी बाहेर बसायचं."

"बघा!" बायको म्हणाली.

बाई मात्र पडद्याकडे बघत होत्या. त्यांनी टॅबलेट उचलून बायकोसमोर धरला. वाक्याच्या शेवटी लाल फुलीचं एक चित्र होतं. त्याच्याखाली लिहिलं होतं, ‘नाही’.

"तुम्ही नुसतं ऐकता का?" बाईंनी विचारलं. "पडद्यावर बघत नाही?"

बायकोचा हात तोंडावर गेला. सासरे आता थांबेनात. दाबत सुटले. टॅबलेट बोलत गेला: मला दुधात साखर घ्यायची. मला दुपारी झोपायचं. मला शेजाऱ्यांना भेटायचं. प्रत्येक वाक्यापुढे पडद्यावर तीच लाल फुली, आणि प्रत्येक वेळी टॅबलेट ती गिळून टाकत होता. गॅलरीत नेताना ते खुर्चीच्या हातावर थापा मारायचे, आणि घरात सगळे म्हणायचे, बाबांना किती घाई झाली बघा!

"बाबा, मला माफ करा," म्हणत बायको त्यांच्या गुडघ्याशी बसून रडायला लागली. मग डोळे पुसून नवऱ्याकडे वळली. "अरे, तू तर तो प्रोग्राम लिहिणाऱ्यांतलाच ना? हे तूच नीट करून टाक की! की आधी कुणाला तरी कळवावं लागतं?"

कळवायचं कुणाला? ज्याच्या नावावर ते काम होतं तो तिथेच उभा होता. बाईंसमोर तो "बघतो" एवढंच पुटपुटला, आणि त्यात आपलं जुनंच ‘चालू आहे’ त्याचं त्यालाच ऐकू आलं.

बाई गेल्यावर त्याने बायकोला स्वयंपाकघरात बोलावून सगळं सांगितलं. ती ओट्याला टेकून ऐकत राहिली.

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"बाबांचंही तसंच होतंय हे नव्हतं माहीत. खरंच."

"रोज त्यांच्यासोबत एकाच घरात वावरतोस, त्यांच्याच नावाने सत्कार घेतोस, आणि एकदाही समोर बसून ऐकलं नाहीस?" ती खालच्या आवाजात बोलली, ओरडली असती तर बरं झालं असतं. मग बैठकीच्या खोलीत जाऊन तिने ती चौकट खिळ्यावरून काढली आणि त्याच्या हातात दिली. चौकट कुठे ठेवावी हे त्याला सुचेना. हातात धरून तो तसाच उभा राहिला.

दुपारी त्याने गणिताच्या शिक्षिकेला फोन केला. पलीकडे वर्गाचा गलका ऐकू येत होता.

"मी ते काम केलं नाही," तो म्हणाला. "उघडून बघितलं, समजलं नाही, आणि तसं सांगितलंही नाही."

गलका दूर गेला. त्या बाहेर आल्या असाव्यात.

"नाही जमत, एवढं लिहायला किती वेळ लागला असता हो?" त्या म्हणाल्या. "मधे दोघे-तिघे आले होते हे काम मागायला. चांगले जाणकार होते. मी त्यांना सांगितलं, एक गृहस्थ करताहेत, त्यांच्या घरीच पेशंट आहे, ते मनापासून करतील."

जावयाने विचारलं, "मग माझं नाव काढता का?"

"काढून काय करू? ते लोक गेले आता." त्यांनी सुस्कारा सोडला. "जिथे हे काम घेतलंत तिथेच आधी काय झालं ते लिहा. मग शाळा सुटल्यावर फोन करा. आपण दोघं बसू. आणि समजलं नाही तर लगेच सांगायचं, कळलं?"

"हो," म्हणताना तो वर्गात उभं केलेल्या पोरासारखा झाला होता.

त्याने लिहिलं. लिहिताना कारणं आपोआप येत होती: ऑफिसचं काम, घरचं आजारपण. ती त्याने खोडली. त्याखाली एका आईने लिहिलं, ‘माझा मुलगा हेच सांगत होता, दुखत नाही म्हणून, आणि आम्ही नुसतं ‘दुखत’ ऐकून त्याला डॉक्टरकडे नेत राहिलो.’ बाकी तिने काही लिहिलं नव्हतं. जावयाने ते पुन्हा पुन्हा वाचलं.

मग शिक्षिका आणि तो फोनवर बसू लागले. त्या भराभरा सांगत, तो अडला की "थांबा, हे नाही कळलं" म्हणे. सुरुवातीला हे म्हणताना जीभ जड व्हायची. शेवटी दोष सापडला. वाक्य किती वेळ चालेल याचा अंदाज प्रोग्राम आधीच बांधायचा आणि तेवढा वेळ झाला की आवाज बंद करायचा. टॅबलेट जुना आणि मंद असला की वाक्य मागे राहायचं आणि शेवटचा शब्द कापला जायचा. दुरुस्ती फार मोठी नव्हती. हे कळल्यावर जावयाला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुरुस्त केलेला प्रोग्राम घालून त्याने टॅबलेट सासऱ्यांपुढे ठेवला. बायको दारात उभी होती. तो खुर्चीसमोर जमिनीवर बसला आणि आजवर जे त्यांना सांगितलं नव्हतं ते सांगितलं. काम आपल्याकडे होतं आणि आपण ते केलं नाही, हेही सांगितलं.

सासऱ्यांनी त्याचं बोलणं संपू दिलं. मग बोट उचललं. चित्र शोधायला त्यांना वेळ लागला. टॅबलेट बोलला:

"मला तुझ्याशी बोलायचं नाही."

शेवटचा शब्द स्पष्ट, खणखणीत आला. बायकोला हसावं की रडावं कळेना. जावई मान खाली घालून उठला आणि आत जाऊन शिक्षिकेला कळवलं की आमच्याकडे नीट चाललं.

"एका टॅबलेटवर चालून भागायचं नाही," त्या म्हणाल्या. "निरनिराळी वाक्यं तपासून हवीत. लांब, आखूड, प्रश्नाची. रोज थोडी. आहे कुणी?"

त्याने बायकोला विचारलं, बायकोने सासऱ्यांना. त्यांनी मान डोलावली.

आता ऑफिसातून आल्यावर जावई खुर्चीशेजारी स्टूल घेऊन बसतो. सासरे वाक्य दाबतात, कान देऊन ऐकतात, बरोबर आलं तर अंगठा वर करतात. चुकलं तर खुर्चीच्या हातावर थाप मारतात आणि जावई ते टिपून घेतो. तासभर असं चालतं. तेवढ्या वेळात सासरे एकदाही त्याच्याकडे बघत नाहीत, आणि तोही ‘बघा की’ म्हणत नाही.