पास्कलची बिनमसाल्याची मच्छी

एक सरंगा, अख्खा. मसाला नाही.

मसाला नाही म्हणताना कार्मिनचा हात डब्यावरच अडकला. पण करणार काय? नवऱ्यानं चार दिवसांत पेजेचा थेंब गिळला नव्हता. पास्कल महायुद्धाच्या आधीपासून बोटीवर भंडारी, खलाशांचा स्वयंपाकी. अंगावरून वारं गेलं आणि उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. चमचा पुढं केला की ओठ मिटून घ्यायचा. आज सकाळी मात्र टोपलीतला सरंगा बघून त्यानं डाव्या हातानं हवेत लिंबू कापलं. कार्मिनला कळलं. इटलीच्या बंदरातली ती भाजलेली मच्छी. दर सुट्टीत म्हणायचा, "एकदा करून घालीन तुला."

लिंबाच्या चकत्या. लसूण. निर्मळच्या वाडीतले टोमॅटो. वर खोबरेल—

पास्कलची मान हलली. नाही. मग चार दिवसांतला पहिला शब्द: "जै... तून." तिकडचं ऑलिव्हचं तेल.

"आपल्या पाचूबंदरात ते कुठं मिलतं गो?" शेजारची बायजा म्हणाली. "आनि मसाला नाय? नवऱ्याला बरं करतेस का उपाशी मारतेस?"

"तू गप." कार्मिन जावेकडं वळली. "रिटा, पळ. चर्चमधी असतंय. फादरना सांग, पास्कलला जैतुनाचं तेल पायजे."

तेल आलं की वरून घालायचं. तोवर खाली निखारे, झाकणावर निखारे, नाताळच्या केकला ठेवतात तसे.

वास सुटला. पास्कलनं डोळे उघडले. तिनं घाईघाईनं झाकण काढलं, काटा काढला, घास फुंकून त्याच्या तोंडाशी नेला. ओठ उघडले, आणि

दारात घंटी.

फादर. गळ्यात जांभळी पट्टी. मागं मेणबत्ती धरलेली रिटा, तिच्या मागं अर्धी आळी, रडत.

पाचूबंदरात जैतुनाचं तेल एकाच कामाला येत होतं. मरणाऱ्याला लावायला.

"फादर, ते मच्छी..."

"धीर धर, कार्मिन. त्यानं स्वतः मागितलं, भाग्य समज."

सगळे गुडघ्यांवर आले. ती एकटी उभी कशी राहणार? तीही टेकली. बोटांत घास तसाच.

पास्कलनं फादरांकडं बघितलं. मग तिच्याकडं. मग बराच वेळ तिच्याकडंच.

डोळ्यांना तेल. कानांना. नाकाला. ओठांना लावायची वेळ आली तेव्हा ते मिटलेले होते. लावलेलं तेल फादरांनी कापसानं पुसून घेतलं.

"आवो, मच्छीसाठी मागवलं होतं," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "मच्छीसाठी वो."

लॅटिन चालूच होतं. तिनं घास पुढं केला.

ओठ उघडले नाहीत.