पाचव्या चाकाची हवा

मी एक जुना टायर आहे, मित्रांनो. पण स्वतःला जुना म्हणवून घेताना मला संकोच वाटतो. जुन्या टायरने पुष्कळ रस्ते पाहिलेले असतात. माझ्या अंगावरची नक्षी मात्र अजून जवळजवळ कोरी आहे. सहा वर्षांत मी रस्त्यावर धावलो तो एकदाच, जेमतेम तीस किलोमीटर. एवढ्याशा प्रवासाची गोष्ट सांगावी की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. मला नीट सांगता येईल याची अजूनही खात्री नाही. तरी सांगतो, कारण त्या तीस किलोमीटरांत एका माणसाचा पाय पणाला लागला होता.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. झाडाच्या चिकातून आलेले रबर, काजळीसारखी काळी पूड आणि पोलादाच्या केसाएवढ्या तारा एकत्र करून मला एका तापलेल्या साच्यात दाबले गेले. साचा उघडला तेव्हा माझ्या कुशीवर आकडे उमटले होते, २३५/७० आर १६. पहिला आकडा माझी रुंदी सांगतो. दुसरा सांगतो की रुंदीच्या शंभरात सत्तर भाग एवढी माझ्या भिंतीची उंची आहे, आणि शेवटचा आकडा आतल्या लोखंडी चाकाचा व्यास इंचांत सांगतो. माणसाला नाव असते तसे आम्हांला माप असते. आमच्याकडून कोणते काम होईल आणि कोणते होणार नाही, ते सगळे त्यातच लिहिलेले असते.

आम्ही पाच भाऊ एका जीपला लागलो. चारही चाकांना इंजिनची ताकद देता येते, अशी ती डोंगरातली गाडी होती. चौघे जमिनीवर राहिले आणि मी मागच्या दाराला टांगला गेलो. मला लोक स्टेपनी म्हणतात. गाडी कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या विश्वजितने घेतली होती. तो पाहुण्यांना पन्हाळा, मसाई पठार आणि दाजीपूरचे जंगल दाखवायला नेतो. त्याचे वडील, आण्णा, पेठेतले जुने पेंटर. दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांचे नंबर त्यांनी आयुष्यभर रंगवले. मुलाची गाडी दारात आल्यावर त्यांनी माझ्यासाठी पत्र्याचे गोल कव्हर करून आणले आणि त्यावर पिवळ्या रंगात स्वतःच्या हाताने तीन शब्द काढले : 'नेतो तसे आणतो'. त्यानंतर त्यांच्या हाताला कंप सुटला. ते त्यांचे शेवटचे काम ठरले. गाडी उभी केली की विश्वजित आधी ते कव्हर फडक्याने पुसत असे.

कव्हर रोज पुसले जाई, पण ते उघडून मला कोणी पाहत नसे. खंडेनवमीला गाडी धुतली जाई, झेंडूचे हार चढत, चारही चाकांना हळद-कुंकू लागे. आक्का, म्हणजे विश्वजितची आई, मागे येऊन कव्हरवरच्या अक्षरांना हात लावून नमस्कार करत. मी आत अंधारात असे. त्यांना दोष द्यायचा नाही. कव्हर सुंदर होते आणि मी त्याच्या आड होतो, एवढेच. पण टायरमधली हवा वापर नसला तरी हळूहळू झिरपते. ती कमी होत असल्याचे मला कळत होते आणि सांगायला तोंड नव्हते.

पाच वर्षांनी माझे चारही भाऊ झिजले. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात विश्वजित नवे टायर घ्यायला जिनेशच्या दुकानात आला. जिनेश हा जैन घरातला टायरचा व्यापारी, मोजके बोलणारा आणि विकण्याआधी मोजून पाहणारा. विश्वजितच्या मनात सर्वांत मोठे माप भरले होते, २६५/७५. ते टायर माझ्यापेक्षा पावणेतीन इंच उंच होते.

"गाडी कशी वाघावानी दिसाय पायजे, जिनेशदा," विश्वजित म्हणाला.

"विश्वजितराव, टायर म्हणजे काय फेटा न्हवं, मोठा बांधला की रुबाब वाढला म्हणाय," जिनेश म्हणाला. "गाडी डोंगरात न्यायची हाय, का तालमीम्होरं उभी करायची?"

मग त्याने टेप काढून मडगार्डच्या आतली जागा मोजली आणि शांतपणे समजावले. मूळ मापापेक्षा चाकाची उंची शंभरात तीन भागांहून जास्त वाढवू नये. त्यापुढे गेले की इंजिनला ओढ जास्त पडते, ब्रेक उशिरा लागतो, वेगाचा काटा खोटे बोलतो आणि स्टेअरिंग पूर्ण वळवले की टायर मडगार्डच्या पत्र्याला घासतो. आणि चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत चाके एकाच उंचीची हवीत. एक जरी लहान असले तरी ते बाकीच्यांपेक्षा जास्त वेळा फिरते आणि आतले दातेरी चक्र ताणले जाते. म्हणून टायर पाच घ्यायचे, एकाच मापाचे, आणि पाचही आळीपाळीने वापरायचे.

"पाचवा नको," विश्वजित म्हणाला. "येवढा मोठा पाचवा आण्णांच्या कव्हरात बसायचा न्हाई."

"मग हे २४५/७० घे की. बोटभरच उंच हाय, चिखलात पकड चांगली, आणि कव्हरात बी बसतंय."

"ते लांबनं वळखू येत न्हाई, जिनेशदा."

जिनेशने टेप गुंडाळून ठेवला. "मी सांगायचं काम केलं बघ," तो म्हणाला. चार मोठे टायर बसले. मी आणि माझे कव्हर होतो तिथेच राहिलो. खरे सांगू का, मित्रांनो, मला त्या दिवशी आनंद झाला होता. आपल्याला काढून टाकले नाही, एवढ्यावरच मी खूश होतो. आपण आता या गाडीच्या मापाचे राहिलो नाही, हे मला उमगले नाही.

पावसाळा सरत आला होता. विश्वजित चार पाहुण्यांना घेऊन दाजीपूरच्या बाजूला निघाला. वाटेतल्या एका वाडीवर ज्ञानू गाडीत बसला. जंगलातल्या वाटा ज्ञानूला तळहातासारख्या माहीत होत्या. पंचेचाळिशीचा हा माणूस गाडीपुढे चालत खड्डे, दगड, निसरडी जागा दाखवायचा आणि विश्वजित त्याच्या मागून गाडी आणायचा. ज्ञानूच्या पायांवरच या सहली चालत होत्या. घरी त्याची म्हातारी आई, बाळाबाई, त्याच पायांवर जगत होती.

सकाळचे अकरा वाजले असतील. गवतातून चालता चालता ज्ञानू एकदम थांबला.

"विश्वा, म्होरं येऊ नगंस. घोणस हाय."

"कुठं हाय, ज्ञानूदा?"

"गेली. पर मला धरून गेली," ज्ञानू म्हणाला आणि खाली बसला. त्याच्या उजव्या पायावर दातांच्या दोन खुणा होत्या.

पाहुण्यांतल्या एक बाई पुढे झाल्या. "पाय हलवू देऊ नका. करकचून बांधू नका, चिरू तर मुळीच नका. लवकर दवाखान्यात न्या," त्या म्हणाल्या. सर्वांनी ज्ञानूला उचलून मागच्या बाकावर आडवे केले. राधानगरीचा दवाखाना तीस किलोमीटरवर होता. आता एकेक मिनिट मोलाचे होते.

वाट अरुंद होती. गाडी माघारी फिरवायला विश्वजितने स्टेअरिंग शेवटपर्यंत वळवले. पुढच्या डाव्या चाकाकडून घासल्याचा आवाज आला. तो आवाज गेले तीन महिने येत होता आणि विश्वजितला त्याची सवय झाली होती. पण त्या दिवशी चाक खड्ड्यात होते आणि गाडीचा सगळा भार त्यावर आला होता. मडगार्डच्या पत्र्याची दुमडलेली कड टायरच्या भिंतीत घुसली. बंदुकीसारखा आवाज झाला आणि गाडी एका बाजूला बसली.

मग माझे कव्हर उघडले गेले. पाच वर्षांत मी पहिल्यांदा ऊन पाहिले. कव्हरचा बोल्ट गंजला होता. तो सोडवण्यातच दहा मिनिटे गेली. मला खाली उतरवून विश्वजितने दाबून पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. माझ्यात निम्मीसुद्धा हवा नव्हती.

"पायानं मारायचा पंप हाय सीटखाली. काढा," तो ओरडला.

पाहुणे आळीपाळीने पंप मारू लागले. मी हवा घेत होतो, पण किती सावकाश! आत ज्ञानू कण्हत होता. त्याचा पाय गुडघ्यापर्यंत सुजत चालला होता.

"विश्वा, किती येळ रं?" त्याने विचारले.

"झालंच, ज्ञानूदा. झालंच बघ."

"आईला सांगू नगंस बघ इतक्यात. लगीच रडत बसंल."

त्या वेळी मला फक्त एकच वाटत होते : कोणीतरी वर्षातून एकदा तरी मला हात लावून पाहिले असते तर! सगळे मिळून पाऊण तास गेला.

मला पुढे डाव्या बाजूला बसवले. गाडी त्या बाजूला झुकली. चिखलाचा चढ चारही चाकांच्या ताकदीशिवाय चढणे शक्य नव्हते, म्हणून विश्वजितने ती ताकद जोडणारा दांडा टाकला. मी लहान, बाकीचे तिघे उंच. आम्ही एकाच गाडीचे असून एका चालीने चालू शकत नव्हतो. आतून दातेरी चक्रांचा कण्हल्यासारखा आवाज येत होता, गाडीला हिसके बसत होते आणि प्रत्येक हिसक्याला ज्ञानू ओरडत होता. डांबरी रस्ता लागल्यावर दांडा काढला, तरी स्टेअरिंग माझ्या बाजूला ओढत राहिले. चाळीसच्या वर गाडी नेता येईना. वर्षानुवर्षे टांगून राहिल्याने माझ्या रबराला बारीक भेगा पडल्या होत्या. आता फुटू नकोस, आता फुटू नकोस, असे मी स्वतःला बजावत होतो. मी फुटलो नाही. माझ्या आयुष्यात अभिमानाने सांगावे असे एवढेच आहे, आणि तेही सांगताना मला लाज वाटते.

डॉक्टरांनी लगेच औषध सुरू केले, मग ज्ञानूला कोल्हापूरला हलवले. जीव वाचला. उजव्या पायाची बोटे आणि पुढचा पंजा मात्र काढावा लागला. पाऊण तास आधी पोचलो असतो तर पाय वाचला असता का? डॉक्टर म्हणाले, "नक्की सांगता येत नाही." मित्रांनो, हे 'नक्की सांगता येत नाही' मला आजही छळते. दोष सापाचा होता, की त्या मोठ्या टायरचा, की माझ्यात नसलेल्या हवेचा? मी या प्रश्नाचे उत्तर शोधतो आणि प्रत्येक वेळी माझ्याच रिकाम्या पोटापाशी येऊन थांबतो.

दवाखान्यातून परतल्यावर विश्वजितने दोन दिवस गाडी दारातून हलवली नाही. तिसऱ्या दिवशी तो कानस घेऊन कव्हरवरची अक्षरे खरवडायला बसला. आण्णा काठी टेकत बाहेर आले.

"काय करतोस?"

"खोटं हाय ते, आण्णा. ज्ञानूदाला नेला तसा आणला न्हाई म्या."

"आणि मोठा पाचवा का घेतला न्हाईस?"

"तुमचं कव्हर काढावं लागलं असतं."

आण्णांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवले. मग ते म्हणाले, "आरं, ती अक्षरं म्या पाळायला काढल्ती. जपायला न्हवं." त्यांनी विश्वजितच्या हातातली कानस काढून घेतली. "पुसू नगंस. आता तरी खरी कर."

विश्वजित पुन्हा जिनेशच्या दुकानात गेला. "ते मधलं माप," तो म्हणाला. "पाच."

जिनेशने टोमणा मारला नाही. त्याने पाच टायर काढले, पाचही तपासले आणि पाचव्यात स्वतःच्या हाताने हवा भरली. तो आण्णांच्या कव्हरात अलगद बसला, बोटभर जागा उरली. हे पहिल्याच दिवशी होऊ शकले असते.

माझे काम संपले होते. मला भंगारात जावे लागेल असे वाटले, पण ज्ञानूने निरोप पाठवला, "ते चाक मला पायजे." आता मी त्याच्या वाडीत, घराच्या अंगणात आडवा पडलेला असतो. संध्याकाळी तो ओट्यावर बसतो आणि आपला तो अर्धा पाय माझ्यावर टेकवतो. मी तो भार अगदी जपून पेलतो.

ज्ञानू आता जंगलात चालू शकत नाही. पण विश्वजित त्याला सोडून सहलीला जात नाही. ज्ञानू पुढच्या सीटवर बसून वाट सांगतो आणि विश्वजित उतरून ती पायाखाली घालून येतो. ज्ञानूची अट एकच आहे. निघण्यापूर्वी तो दरवेळी विचारतो, "पाचव्याची बघितलीस?" विश्वजित कव्हर उघडतो, मीटर लावतो, हवा मोजतो आणि आकडा मोठ्याने सांगतो. तेव्हाच ज्ञानू दार लावून घेतो.

परवा खंडेनवमी झाली. विश्वजित गाडी घेऊन वाडीवर आला होता. बाळाबाई कोयता, खुरपे यांची पूजा करून ताट घेऊन गाडीकडे आल्या. त्यांनी चार चाकांना हळद-कुंकू लावले, कव्हर उघडायला लावून पाचव्याला लावले आणि मग अंगणात माझ्याकडे वळल्या.

"आई, त्ये आता काय कामाचं न्हाई," ज्ञानू म्हणाला.

"तुला घरी आणलंय त्येनं," बाळाबाई म्हणाल्या आणि वाकून त्यांनी माझ्या कुशीवर, त्या जुन्या आकड्यांवर, कुंकवाचे बोट टेकवले. आयुष्यातले माझे ते पहिले कुंकू. आपण त्याला पात्र आहोत की नाही, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर एक करा. मोठ्यांना तिच्या टायरचे माप वाचायला लावा, आणि गाडीला झेपेल तेच घ्यायला सांगा. लांबून कोण बघणार आहे, याचा विचार करू नका. गाडीत कोण बसणार आहे, त्याचा करा. आणि जो काही न बोलता मागे टांगलेला आहे, त्याला अधूनमधून उघडून पाहा. निघण्याच्या घाईत कोणी मध्येच विचारले, "पाचव्याची बघितली?" तर त्याला हसू नका. खाली उतरा आणि बघा.